चावी हातात घेण्याआधी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पीथमपूरचे कारखाने, देवास नाक्याची गोदामं आणि लोहामंडीतले ट्रान्सपोर्टवाले यांच्या जिवावर इंदुरातून न्हावा शेवा, चेन्नई, दिल्लीकडे रोज गाड्या सुटतात. त्यामुळे ड्रायव्हरला काम मिळत नाही असं सहसा होत नाही. कोणत्या अटीवर मिळतं, हा खरा मुद्दा आहे. या वेळच्या पत्रांत लांब पल्ल्याच्या कंपनीत रुजू होण्याबद्दलचे प्रश्न इतके आले की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. गाडीचं मॉडेल, पगाराचा आकडा याबद्दल सगळे विचारतात. पगारातून काय काय कापलं जाईल, हे मात्र दोघांनीच विचारलं आहे. त्यामुळे त्या उत्तराला आम्ही जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. कारचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी काढलं. त्याचा मित्र म्हणतो, कंपनी थेट ट्रेलरवर घेते, लायसन्सचं नंतर बघतात. हे खरं का? शिक्षण दहावी अर्धवट आहे. (एक आई, राजेंद्रनगर, इंदूर)

लायसन्सचं नंतर बघू म्हणणाऱ्या कंपनीत मुलाला पाठवू नका. अपघात झाला तर ‘याच्याकडे या गाडीचं लायसन्स नव्हतं’ एवढ्या एका कारणावर विमा कंपनी अंग काढून घ्यायला बघते. मग पोलीस केस मुलावर होते आणि मालकही हात झटकतो.

ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वयाची अट २० वर्षांची आहे, आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. या दोन्ही अटी तुमचा मुलगा पूर्ण करतो. शिक्षणाची चिंता सोडा. आठवी पासची अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. आता त्याने जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स काढावं, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून शिकून फॉर्म ५ चं प्रमाणपत्र घ्यावं, डॉक्टरचा फॉर्म १ए भरून घ्यावा आणि आरटीओत परीक्षा द्यावी. हे लायसन्स ५ वर्षं चालतं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. लांब पल्ल्याच्या माणसाने तो आधीच करावा, कारण मुदत संपेल त्या दिवशी तो गुवाहाटीत असू शकतो.

मित्राच्या बोलण्याचा उगम बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालात असावा. कारच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, असं त्यात म्हटलं आहे, पण एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेल्या गाडीपुरतंच. छोटा टेम्पो त्यात बसतो. दहाचाकी, चौदाचाकी किंवा ट्रेलर बसत नाही.

लायसन्स आलं तरी पहिलं वर्ष त्याने अनुभवी ड्रायव्हरबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून काढावं. ट्रेलर मागे घेणं, ताडपत्री बांधणं, घाटात गिअर धरणं या गोष्टी शाळेत शिकवत नाहीत. रिकामी गाडी आणि २५ टन भरलेली गाडी या चालवायला दोन वेगळ्या गाड्या आहेत.

प्रश्न : सहा वर्षं इंदूर–पीथमपूर लोकल चालवतो. आता दोन ऑफर आहेत. एकीकडे महिना २४ हजार आणि रोजचा भत्ता. दुसरीकडे किलोमीटरला ४ रुपये, आणि ते म्हणतात ३६ हजार सहज पडतात. कोणती धरू? (एक ड्रायव्हर, सुदामानगर, इंदूर)

३६ हजार म्हणजे महिन्याला ९,००० किलोमीटर. म्हणजे रोज ३०० किलोमीटर, एकही दिवस न थांबता. पण गाडी थांबतेच. बंदरावर कंटेनरचा नंबर लागत नाही, कारखान्याच्या गेटवर रविवार येतो, परतीचा माल मिळेपर्यंत दोन दिवस पार्किंगमध्ये जातात. महिन्यात दहा दिवस गाडी उभी राहिली तर किलोमीटर होतात ६,००० आणि हातात येतात २४ हजार. त्या दहा दिवसांचं ढाब्यावरचं जेवण तुमच्याच खिशातून. म्हणजे आकडा पहिल्या ऑफरच्या खालीच गेला.

म्हणून दुसऱ्या कंपनीला होकार देण्याआधी त्यांच्या गाड्यांनी गेल्या तीन महिन्यांत किती किलोमीटर केले ते काढा. ऑफिसात विचारू नका. त्यांच्या गाड्या जिथे उभ्या असतात तिथे जाऊन तीन-चार ड्रायव्हरांशी बोला. आणि त्यांना चार गोष्टी विचारा. रिकाम्या फेरीचे किलोमीटर धरतात का? किलोमीटर जीपीएसने मोजतात की ऑफिसच्या तक्त्याने? (तक्ता असेल तर रस्ता बंद म्हणून ४० किलोमीटर वळसा घातलात, तो फुकट जातो.) हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे, पैसे किती तासांनंतर सुरू होतात आणि दिवसाला किती? आणि शेवटचा हिशेब कधी झाला? या शेवटच्या प्रश्नाला ड्रायव्हर हसला किंवा गप्प बसला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आता ज्या कागदावर सगळं ठरतं तो बघू. फेरी संपली की मुनीम एका पानावर मांडतो. वर पेशगी, म्हणजे निघताना दिलेली रोकड, आणि डिझेल कार्डवर टाकलेली रक्कम. खाली खर्च : डिझेल, युरिया (नव्या गाड्यांत धूर साफ करायला लागणारं द्रावण), पंक्चर, वजनकाटा, हमाली, पार्किंग, ताडपत्रीची दोरी. टोल फास्टॅगमधून जातो, त्याचा त्रास नाही. वरच्यातून खालचं वजा करून जे उरतं ते तुमच्या नावावर लागतं. ज्या खर्चाला पावती नाही तो मुनीम अर्धाच धरतो किंवा काट मारतो. त्यामुळे पावतीशिवायचा खर्च फेरीमागे किती मान्य, हा आकडा रुजू होण्याआधी तोंडाने नाही, व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

सगळ्यात मोठी गळती डिझेलच्या ॲव्हरेजमध्ये असते. समजा, न्हावा शेव्याची फेरी जाताना ६०० किलोमीटर. कंपनीने ४ चं ॲव्हरेज ठरवलं तर १५० लीटर मिळतात. भरलेली गाडी तीन घाट ओलांडून साडेतीनच देत असेल तर लागतात १७१. फरक २१ लीटरचा. लीटरला ९० रुपये धरला तरी एका बाजूला १,९०० रुपयांच्या आसपास तुमच्या पगारातून गेले. महिन्यात अशा चार खेपा झाल्या की साडेसात हजार. ड्रायव्हरने डिझेल विकलं असा आरोप होतो तो वेगळाच. प्रत्यक्षात इंजेक्टर खराब असतो, टायरमध्ये हवा कमी असते, ब्रेक घासत असतो किंवा ओव्हरलोड असतो.

यावर उपाय आहे. पहिल्याच फेरीला टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा. किती लीटर बसलं आणि किती किलोमीटर झाले, त्यावरून त्या गाडीचं खरं ॲव्हरेज कळतं. भरलेली आणि रिकामी गाडी, घाटाचा आणि सपाटीचा रस्ता यांचं ॲव्हरेज वेगवेगळं ठरलं पाहिजे. उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर तासाला दोन लीटरच्या आसपास जातं. तेही धरतात का, विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे, म्हणजे हा वाद आता वाढणारच.

बीएस-६ गाडी असेल तर युरियाचाही हिशेब असतो. डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के डीईएफ (हाच युरिया) लागतं, म्हणजे १५० लीटर डिझेलमागे ६ ते ९ लीटर. ते संपलं की इंजिनची ताकद आपोआप कमी होते आणि गाडी घाटात रांगते. पैसे वाचवायला त्यात पाणी घातलं तर सेन्सर पकडतो, आणि पुढे महागडा भाग बदलण्याचं बिल ‘ड्रायव्हरची चूक’ म्हणून येतं. सीलबंद बादलीच घ्या, बिल ठेवा.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : पहिल्या वर्षी पगार आणि भत्ता धरा. रस्ते, गाडी आणि कंपनी कळल्यावर किलोमीटरवर जायचा विचार करा.

प्रश्न : मागच्या मालकाने ‘शॉर्टेज’ (माल कमी भरला) म्हणून एका महिन्यात ११ हजार कापले. डिपॉझिटचे १० हजारही दिले नाहीत. नव्या कंपनीतही डिपॉझिट आणि ओरिजिनल लायसन्स मागतात. द्यावं का? (एक वाचक, देवास)

लायसन्स देऊ नका. ते तुमच्या नावाचं आहे आणि रस्त्यावर तुम्हालाच दाखवायचं आहे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स कायद्याने चालतं हे खरं, पण ओरिजिनल अडकवून ठेवायचं कारण एकच असतं : तुम्ही सोडून जाऊ नये. साक्षांकित झेरॉक्स द्या.

डिपॉझिट द्यावंच लागलं तर बँकेतून द्या आणि किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलेली पावती घ्या. उचल घेतानाही सावध राहा. लग्नासाठी ५० हजारांची उचल घेतलेला ड्रायव्हर हिशेबावर भांडू शकत नाही, हे मुनिमाला पक्कं ठाऊक असतं.

कपातीबद्दल कायदा स्पष्ट आहे. मालाच्या नुकसानीसाठी पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळेच झालं हे दिसलं पाहिजे आणि त्याला आधी आपली बाजू मांडू दिली पाहिजे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. हे जुन्या वेतन कायद्यातही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. काम सोडलं किंवा काढलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण पगार चुकता करायचा, असंही त्यात आहे. इंदूर-देवासच्या कामगार कार्यालयात तक्रार करायची तर मात्र तुमच्याकडे कागद हवा. तो मागच्या वेळी नव्हता, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

हा कागद रस्त्यावरच तयार होतो. माल भरताना नग मोजा. मोजू दिले नाहीत तर बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) ‘नग ड्रायव्हरने मोजलेले नाहीत’ असं लिहून मगच सही करा. सीलबंद कंटेनर असेल तर सीलचा नंबर बिल्टीशी जुळवा आणि सील वाचता येईल असा फोटो घ्या. भरलेल्या गाडीचा काटा करून चिठ्ठी ठेवा. उतरवताना सील तोडण्याआधी घेणाऱ्याच्या माणसासमोर पुन्हा फोटो. पोचवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) त्याचा शिक्का, सही, तारीख आणि वेळ पाहिजे. वेळ यासाठी की हॉल्टिंग तिथूनच मोजतात. फाटलेली गोणी, भिजलेलं खोकं दिसलं तर ते पोचवर त्याच जागी लिहून घ्या. ‘नंतर फोनवर बोलू’ असं कुणी म्हटलं तर गाडी हलवू नका.

ताडपत्रीचं सांगायचं राहिलं. गाडी ताब्यात घेताना ती पसरून बघा, भोकं मोजा, फोटो पाठवा. पावसाळ्यात भिजलेल्या मालाची निम्मी भांडणं आधीपासून असलेल्या भोकांची असतात.

प्रश्न : कंपनी म्हणते इंदूर–चेन्नई एकट्याने तीन दिवसांत. ड्यूटीचे तास कायद्यात किती? (एक ड्रायव्हर, महू)

इंदूर–चेन्नई सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. भरलेल्या गाडीचा टोल, जाम, चढ धरून सरासरी वेग ४० च्या वर जात नाही. म्हणजे ३६ तास नुसतं स्टिअरिंग, दिवसाला १२ तास. एकट्या माणसासाठी ही फेरी चार दिवसांची आहे.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली. जुन्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. लांब पल्ल्याला परवानगीने जास्तीत जास्त १० आणि ५४ तास. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि जास्तीच्या तासांना दुप्पट दराने पैसे. नव्या कामगार संहितेनेही दिवसाचे ८ तास आणि दुप्पट ओव्हरटाइम कायम ठेवले आहेत. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत अशी अट पूर्वी होती. ती २०१८ मध्ये काढली गेली. त्या दिवसापासून दुसरा ड्रायव्हर देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर आलं, आणि तुम्हाला तो मागून घ्यावा लागतो. आमच्या मते रोज ५०० किलोमीटरपेक्षा जास्त मागणाऱ्या कंपनीने दुसरा ड्रायव्हर दिलाच पाहिजे. नसेल देत, तर ती नोकरी घेऊ नये.

झोपेचं गणित अगदी साधं आहे. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की ६७ मीटर गाडी आपोआप चालली. पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतंच, चहाने आणि तंबाखूने ती फक्त पुढे ढकलली जाते. जांभया, तोच टोलनाका कधी गेला ते न आठवणं, गाडी पट्टीवरून सरकणं, यातलं एक जरी झालं तरी पुढच्या उजेडाच्या जागी थांबून २० मिनिटं झोपा. रस्त्याच्या कडेला अंधारात नको. उभ्या ट्रकला मागून धडक, हा रात्रीचा ठरलेला अपघात आहे.

मधुमेह, रक्तदाब असेल तर रुजू होताना लपवू नका, आणि दुपारचं जेवण चुकवून गोळी घेऊ नका. साखर अचानक उतरली की घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गूळ किंवा ग्लुकोजची पुडी डॅशबोर्डवर असू द्या.

प्रश्न : नवी कंपनी देईल ती गाडी घ्यावी लागते. ती घेण्याआधी काय बघावं? इंदूर–न्हावा शेवा रूट आहे. (दोन भाऊ, पीथमपूर)

आधी नंबर टाकून परिवहनच्या पोर्टलवर किंवा ॲपवर फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि थकलेले चलान बघा. ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस लागतो. फिटनेस संपलेली गाडी ‘आज एकच फेरी मार’ म्हणून दिली, तर ती फेरी मारू नका.

मग गाडी. तुमच्या रूटवर तीन मोठे उतार आहेत. मानपूरकडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरताना गणपती घाट, सेंधव्यापुढे बिजासन घाट आणि इगतपुरी ओलांडल्यावर कसाऱ्याचा घाट. यातला गणपती घाट ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या अपघातांनी इतका बदनाम झाला की तिथे रस्ता वळवून नवा बांधावा लागला. तेव्हा सगळं सोडून ब्रेक आधी.

चाकांना ओंडके लावा, इंजिन चालू करून हवेचा काटा ८ किलोपर्यंत येऊ द्या आणि इंजिन बंद करा. आता ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरा आणि काट्याकडे बघत राहा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरतो, ते ठीक. त्यानंतर तो पाव किलोहून जास्त सरकला तर कुठेतरी गळती आहे. भावाला खाली वाकून कान लावायला सांगा, फुसफुस ऐकू येते. एअर टँकच्या खालची कळ ओढून पाणी सोडा. तेलकट पाणी खूप निघालं तर कॉम्प्रेसर किंवा ड्रायर थकलाय. मग प्रत्येक चाकाच्या ब्रेक चेंबरचा दांडा बघा. एका चाकाचा दांडा बाकीच्यांपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर त्या चाकाचं लायनिंग संपत आलंय किंवा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचं अंतर जुळवणारा भाग) काम करत नाही. चारचौघांत हे बघायला लाजू नका. मेकॅनिकलाही बोलवा.

उतारावर ब्रेक ‘फेल’ होतो म्हणजे बहुतेक वेळा काही तुटत नाही. गाडी न्यूट्रल किंवा वरच्या गिअरवर सोडली की सगळं वजन ड्रमवर येतं. ड्रम तापून फुगतो, ब्रेक शूपासून लांब जातो, लायनिंगची पकड सुटते. ड्रायव्हर पेडल वारंवार दाबतो, हवा संपते, आणि मग काहीच उरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. मध्ये बदलायला गेलात आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावून ठेवा, पायाचा ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून सोडा, सतत घासत ठेवू नका. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं ही समजूत आजच्या इंजिनांना लागू नाही. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिन डिझेल घेतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं घेतं. चाकातून धूर आला तर थांबा, ओंडके लावा, आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतलं की तो तडकतो.

टायर : गाडी थंड असताना हवा मोजा. दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा खरा, भरलेल्या ट्रकला तो बहुतेक ११० ते १२५ पीएसआयच्या दरम्यान असतो. जोडटायरच्या मधे अडकलेला दगड काढा. आतल्या टायरची हवा कमी असेल तर बाहेरचा एकटा भार घेतो, तापतो आणि फुटतो, म्हणून आतला मोजायचा कंटाळा करू नका. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा. नटाखाली गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तो सैल आहे.

ओव्हरलोडला नाही म्हणायला आकडे पाठ ठेवा. सहाचाकीला एकूण वजन १८.५ टन, दहाचाकीला २८.५ टन, ट्रेलरला जास्तीत जास्त ५५ टन. दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्च. काट्यावर थांबायला नकार दिला तर ४० हजार. कलमात ‘चालवणारा’ हा शब्द आधी येतो, मालक नंतर. त्यामुळे ओव्हरलोडचा दंड कंपनी भरेल, हे नियुक्तिपत्रात हवं. आणि नियुक्तिपत्र देणं नव्या संहितांनी मालकावर बंधनकारक केलं आहे. मागायला संकोच करू नका.

प्रश्न : गाडी बिघडून दोन दिवस गेले, ई-वे बिल संपलं. अडवलं तर ड्रायव्हर काय करणार? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

५० हजारांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागतं आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. इंदूर–न्हावा शेव्याला तीन दिवस. मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या ८ तास आधी उघडते आणि संपल्यावर ८ तासांनी बंद होते. गाडी बंद पडली त्याच वेळी जागेचा फोटो, किलोमीटर दगडाचा नंबर आणि मेकॅनिकची चिठ्ठी ऑफिसला पाठवा. मुदत वाढवताना तेच कारण लिहायचं असतं. माल दुसऱ्या गाडीत चढवला तर बिलाच्या भाग-ब मध्ये नवा गाडी नंबर चढल्याशिवाय चाक हलवायचं नाही. नंबर जुळला नाही तर गाडी आणि माल अडकतो, आणि करपात्र मालावर दंड कराच्या दुप्पट लागू शकतो. तो मालवाल्याने भरायचा असतो, पण तो येईपर्यंत गाडीत तुम्हीच बसून असता. त्या दिवसांचा भत्ता मिळतो का, हे आधी विचारून ठेवा.

प्रश्न : टँकरवर पगार जास्त आहे. जावं का? (एक ड्रायव्हर, मांगलिया)

पेट्रोल, गॅस, ॲसिड यांना लायसन्सवर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ती नोंद ५ नाही, ३ वर्षं चालते. गाडीत ट्रेम कार्ड हवं, तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत. गळती झाली तर काय करायचं, कशाने आग विझते, कशाला पाणी चालत नाही, हे त्यावर असतं. भरताना-उतरवताना अर्थिंगची वायर आधी लावायची आणि शेवटी काढायची. कार्ड दाखवू न शकणाऱ्या मालकाचा टँकर घेऊ नका, पगार कितीही असो.

प्रश्न : माझे यजमान महिन्यातले वीस दिवस बाहेर असतात. त्यांना काही झालं, किंवा त्यांच्या हातून अपघात झाला, तर आम्ही काय करायचं? (एक गृहिणी, रामबाग, इंदूर)

ताई, चार कागद घरी हवेत. कंपनीचं नियुक्तिपत्र, त्यांचा पीएफचा यूएएन (खात्याचा) नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि गाडीच्या विम्याची प्रत. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पीएफ लागू आहे : १२ टक्के त्यांचे, १२ टक्के मालकाचे. पासबुक मोबाइलवर दिसतं. पगारातून कापलेले पैसे खरंच भरले जातात का, ते दर महिन्याला बघा. पीएफचा सभासद नोकरीत असताना गेला तर त्याला जोडलेल्या विम्यातून वारसांना ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, पण नॉमिनी भरलेला असेल तर काम सोपं होतं. तुमचं नाव ऑनलाइन भरलंय का, ते आजच तपासा. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनीत दहा माणसं असतील तर ईएसआय लागू होतं, त्यात उपचार आणि आजारपणातला पगार दोन्ही येतात. गाडीच्या पॉलिसीत ‘पेड ड्रायव्हर’ आणि ‘क्लीनर’ यांच्या नावाचा छोटा हप्ता भरलेला दिसतो का, तेही बघा. ड्रायव्हर दोन असतील तर दोघांचा हवा.

अपघात झाला तर त्यांनी काय करायचं, हे दोघांनीही माहीत करून घ्या. गाडी थांबवून जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर जागेवर थांबून मार खायची सक्ती कायदा करत नाही. तिथून निघून थेट जवळच्या ठाण्यात जायचं, वाटेतूनच ११२ ला फोन करायचा, महामार्ग असेल तर १०३३ ला. त्या फोनची नोंद राहते आणि पळून गेला हा आरोप टिकत नाही. पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेच्या ज्या कलमावरून संप झाला होता, ते १०६ (२) कलम १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. हलगर्जीने मृत्यूला ५ वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम मात्र लागू आहे.

जामीन आणि वकील कंपनी देणार का, हे रुजू होताना विचारायला त्यांना सांगा. आणि एका वहीत गाडीचा नंबर, मुनिमाचा आणि मालकाचा फोन, विमा कंपनीचा क्लेम नंबर आणि त्यांचा रक्तगट लिहून ती वही गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवा. रात्री दोनला फोन आला तर मोबाइलमध्ये शोधत बसायला हात चालत नाहीत.